अण्णांच्या हार्ट ब्लॉकची कारणं

जावयाने आणलेली वस्तू आमच्याकडे कुणी नको म्हणत नाही. आमच्याकडे म्हणजे बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत. ही घरं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आली, येताना बरंच काही वाटेत टाकलं, पण हा नियम तेवढा नीट बांधून आणला. जावयाने कडू काकडी आणली तरी सासरा ती चवीने खातो. जावयाने विनोद सांगितला की सासू पदर तोंडाला लावते. हसू आलं म्हणून की आलं नाही हे झाकायला म्हणून, ते जावयाला कळत नाही. मला तर तीन वर्षं कळलं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मल्लेश्वरममध्ये सासुरवाडीपासून दोन क्रॉस, म्हणजे दोन आडवे रस्ते, सोडून राहत होतो आणि एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात कामाला होतो. तिथे मला फारसं कुणी विचारत नसे, त्यामुळे माझ्याकडे न विचारता देण्यासारखे सल्ले पुष्कळ साठले होते. सासरे कन्नड शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही. सासूबाईंना अक्का. मुलगा नव्हता, मुलगी एकच, आणि ती माझी बायको.

अण्णांचं ब्लडप्रेशर थोडं वाढलं तेव्हा त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे मीच नेलं. घराजवळचे डॉक्टर म्हणाले, किडनी जरा सुस्त आहे, ही गोळी रोज घ्या, मीठ कमी करा. एवढंच. बाकीचं मी केलं.

रविवारच्या पुरवणीत आरोग्याचं एक पान येत असे. ते मी परीक्षेला बसल्यासारखं वाचायचो. त्यात होतं की साधं मीठ वाईट आणि बाजारात आलेलं कमी सोडियमचं मीठ चांगलं. मी त्या मिठाचं पाकीट आणून अक्कांच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि जुनी बरणी शेजारणीला देऊन टाकली. पुढच्या रविवारी शहाळ्याच्या पाण्याचं कौतुक आलं. मग काय, आमच्या कोपऱ्यावरच एळनीरवाला बसायचा. शहाळ्याला इकडे सगळेच एळनीर म्हणतात, आम्हीही.

पहिलं एळनीर मी स्वतः पेल्यात ओतून अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. एखाद्या मुलाने कावेरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली की ते ज्या नजरेने नकाशाकडे बघत असतील, तसं काहीतरी. मग डोळे मिटून प्याले.

"छान आहे," म्हणाले.

मी दुसऱ्या दिवसापासून दोन न्यायला लागलो.

रोज सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी मी दोन एळनीर घेऊन हजर. अण्णा पीत, मी बघत असे, आणि मग अर्धा तास त्यांच्याशी प्रकृतीबद्दल बोलत असे. संध्याकाळी उतरल्यावर वाटेत आणखी एक. शिवाय अण्णांना एळनीर फार आवडतं ही बातमी मी नातेवाइकांत पसरवली होती, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येकजण फुलांच्या पुडीबरोबर एळनीरही आणू लागला. कॉफी मी अर्ध्यावर आणली होती. लोणचं कपाटावर गेलं होतं. घर अगदी शिस्तीत चाललं होतं.

थोड्याच दिवसांत अण्णा मंदावले. मार्केटला जाऊन आले की पायरीवर बसून राहत. पायांत जीव नाही म्हणत. अक्कांनी एकदा मला दबक्या आवाजात सांगितलं की हे असं पूर्वी नव्हतं. मी म्हणालो, अशक्तपणा आहे, आणि रविवारच्या सुट्टीला एळनीरचा खुराक वाढवला.

पुढच्याच रविवारी सकाळी अण्णा व्हरांड्यात पेला हातात घेऊन बसले होते. "स्वल्प फिरतंय," म्हणाले आणि बसल्या जागी एका अंगाला कलंडले. पेला मात्र त्यांनी सांडू दिला नाही. जावयाने दिलेला होता.

रिक्षात त्यांची नाडी मी धरली होती. एक ठोका लागला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. इतकी, की मला वाटलं मी चुकीच्या जागी बोट ठेवलंय. ठेवलं बरोबरच होतं. हॉस्पिटलात कागदाची पट्टी निघाली, पळापळ झाली, आणि चष्म्यावरून बघत बोलणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन कन्नडमध्ये सावकाश समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून इशारा निघतो, तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतो, मग खालचे आकुंचन पावतात. अण्णांचा इशारा वाटेत पूर्ण अडत होता. वरचे आपले वेळेवर काम करत होते, आणि खालच्यांना काहीच कळत नसल्यामुळे ते आपल्या सवडीने, मिनिटाला तीसेक वेळा हलत होते. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात.

आमच्या खरेदी विभागात असंच चालतं, असं मी म्हणालो. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

त्यांनी मानेतून एक तार हृदयात घातली आणि ती खाटेशेजारच्या छोट्या पेटीला जोडली. ठोके आता ती पेटी देत होती. ही तात्पुरती सोय. कायमचा पेसमेकर बसवायचा की नाही हे कारणावर ठरणार होतं. वयामुळे आतली वायरिंगच झिजली असेल तर यंत्र बसवण्यावाचून गत नाही. मागे कधी न कळता ॲटॅक येऊन गेला असेल, एखादं औषध जास्त झालं असेल, रक्तातले क्षार बिघडले असतील, अशी आणखीही कारणं असतात. त्यातलं काही असलं तर कदाचित हृदय आपलं आपण रुळावर येईल.

अक्कांनी हे सगळं पदराचं टोक मुठीत धरून ऐकलं. तार घालायच्या आधी अण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की माझ्या छातीत यंत्र बसवू देऊ नकोस. आणि आता बसवायची वेळ आली तर सही त्यांनाच करायची होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय काय औषधं घेतात? मी गोळ्यांची पिशवी पुढे केली. घरगुती काढे, चूर्णं? काही नाही, मी सांगितलं. खाण्यापिण्यात काही वेगळं? मी म्हणालो की खाण्यापिण्यावर माझं जातीने लक्ष आहे, त्यामुळे त्या बाजूने शंकाच नको. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रक्त तपासायला गेलं.

रिपोर्ट येईपर्यंत नातेवाईक आले आणि प्रत्येकाने आपापलं कारण आणलं. बायकोच्या मामांच्या मते डोक्यावर पंखा लावून झोपल्याने हे झालं. एका आत्याबाईंना ते निवृत्तीमुळे वाटत होतं, माणूस शाळेतून निघाला की हृदयाला घंटा ऐकू येत नाही म्हणे. तिसऱ्याने अवरेकाळूवर, म्हणजे वालावर, संशय घेतला. मी सगळ्यांना गप्प केलं. खरं कारण कॉफी आहे, अर्धी केली तिथेच चुकलं, पूर्ण बंद करायला हवी होती, असं मी आय.सी.सी.यू.च्या दाराबाहेर उभं राहून बऱ्यापैकी लांबलचक सांगितलं. मग एवढा माणूस आत अशक्त पडलाय आणि आपण नुसते बोलतोय, याची मला लाज वाटली. मी खाली गेलो आणि दोन एळनीर घेऊन आलो. वर छिद्र पाडलेली, आत स्ट्रॉ घातलेली, अगदी तयार.

दाराशी डॉक्टरबाई रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन उभ्या होत्या. पोटॅशियम फार वाढलंय, त्या आपल्या सहकाऱ्याला सांगत होत्या, आणि इतकं नुसत्या त्या गोळीने वाढत नाही. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

"हे कुणासाठी?"

"पेशंटसाठी. अशक्तपणा आहे ना."

"रोज देता?"

"रोज," मी म्हणालो. एवढ्या दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं.

"किती?"

"दोन."

"चार," बाकावरून आवाज आला. अक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. "दोन सकाळी जावई आणतात. एक संध्याकाळी. एक तरी पाहुण्यांचं असतं. आणि मीठही त्यांनीच बदललं."

मिठाच्या पाकिटावर काय लिहिलंय हे डॉक्टरबाईंनी विचारलं. ते मला पाठ होतं, मी ते म्हणून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. मग आम्हा सगळ्यांना एकदमच सांगितलं: त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. एळनीर पोटॅशियमने भरलेलं असतं. ती गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवते, आणि सुस्त किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. चांगल्या किडनीच्या माणसाला ह्यातलं काहीच बाधलं नसतं. अण्णांच्या हृदयातला इशारा मात्र त्यात बुडाला.

"मी सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?" त्यांनी अक्कांना विचारलं.

"जावई समोर उभे होते," अक्का म्हणाल्या. डॉक्टरबाईंना ह्यात काहीच चमत्कारिक वाटलं नाही, त्याही इकडच्याच होत्या. मग अक्का म्हणाल्या, "आमच्या ह्यांना एळनीर आवडत नाही. लग्नाआधीपासून आवडत नाही. पोटात गुडगुडतं ह्यांच्या."

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "अळिय तुम्हीच का?" अळिय म्हणजे जावई. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, कारणांच्या यादीत आणखी एक घातल्यासारखी, आणि आत गेल्या.

त्या दोन एळनीरांचं काय करायचं मला समजेना. शेवटी वॉचमनने घेतली. त्याची किडनी चांगली असावी.

आत इंजेक्शनं सुरू झाली, ग्लुकोजमधून इन्सुलिन गेलं. पोटॅशियम उतरलं की हृदय आपणहून चालेल अशी आशा आहे, पण खात्री देत नाही, असं सांगण्यात आलं. उद्यापर्यंत नाही चाललं तर मात्र यंत्र. अक्का बाकावर बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो, मग जरा लांब सरकून बसलो. बायको डबा घेऊन आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, "तुम्ही इथेच बसा. खाली जाऊ नका. येताना काहीतरी आणाल."

मी बसलो. त्या बाकावर मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. तोवर मी इतका कामात होतो की घाबरायला सवडच झाली नव्हती. आत एक माणूस पेटीच्या जोरावर जगत होता, आणि त्याने मला एकदा नुसतं नको म्हटलं असतं तर तो ह्या वेळी मार्केटात वांगी निवडत असता. अक्कांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी पेटीचं बटण हळूहळू कमी केलं. पडद्यावरची रेघ जरा अडखळली, आणि मग एकेक उंचवटा आपापल्या जागी यायला लागला. वरच्यांचं खालच्यांना पोचत होतं.

"यंत्र?" अक्कांनी विचारलं.

"आता तरी गरज दिसत नाही."

अक्का बाहेर आल्या, डबा उघडला आणि कालची चपाती तशीच खाल्ली.

संध्याकाळी मला अण्णांजवळ पाच मिनिटं बसू दिलं. मानेवर पट्टी होती, चेहरा उतरलेला, पण नजर नेहमीची.

"अण्णा, नको म्हणायचं होतंत ना."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको म्हटलं असतं तर रोज सकाळी आला असतात?"

"आलो असतो की."

"काय काम काढून?"

बाहेर नर्स वेळ संपल्याचं सांगत होती.

चार दिवसांनी ते घरी आले. त्यांची गोळी बदलली होती, मिठाचं पाकीट अक्कांनी स्वतः नेऊन टाकलं होतं. पुढच्या सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी मी गेलो. रिकाम्या हाताने. अक्कांनी दार उघडलं, माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि आत घेतलं. अण्णा व्हरांड्यात येत होते. मी सवयीने वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो. लग्न झाल्यापासून मी तिथेच बसत होतो. घरातली तीच एक पाठ टेकता येणारी खुर्ची होती आणि मी आलो की ती रिकामी असायची, त्यामुळे ती कुणाची असेल असा प्रश्न मला पडलाच नव्हता.

अण्णा भिंतीला हात धरून माझ्यासमोर उभे राहिले. धाडस गोळा करत असावेत.

"उठा," ते म्हणाले. "खुर्ची माझी आहे. तुम्ही तिकडे बाकावर बसा."

मी उठलो आणि बाकावर बसलो. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. अण्णा खुर्चीत टेकले, पाय लांब केले, आणि कारखान्यात काय चाललंय ते विचारलं.