लीडर दोन दिवस बाहेरगावी

“ओ लीडर! आधी चावी काढा! केळी पिकली!”

रिक्षातून माझा एकच पाय खाली टेकला होता, तेवढ्यात आमची सुनंदा अर्ध्या निंबोला गावाला ऐकू जाईल अशी ओरडली.

निंबोल्यात केळी पिकणं ही काही बायकोनं ओरडण्याची गोष्ट नाही. पण ही केळी चिप्सची होती आणि चिप्सला लागतात कच्ची, हिरवीगार, दगडासारखी! बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या नमकीनवाल्या शेठनं सुनंदाला पहिली मोठी ऑर्डर दिली होती. आज संध्याकाळी माल पोहोचला तर दर महिन्याला ऑर्डर, नाही तर रामराम.

ही ऑर्डर येईपर्यंत तिचा चिप्सचा धंदा मागच्या पडवीत मजेत चालला होता. ती तळायची आणि ज्याचा हात रिकामा असेल तो सोलायचा. ही अनागोंदी मला बघवेना! (धंदा मोठा कसा करावा, या विषयावरचं शिबिर मी नुकतंच बुऱ्हाणपुरात ऐकून आलो होतो. जेवण फुकट होतं.) आल्या आल्या खाती वाटली. सुनंदा उत्पादन, धाकटा भाऊ गजानन वाहतूक, आमचे वडील आबा पॅकिंग. मी लीडर.

“दुसऱ्याच्या खात्यात कुणी नाक खुपसायचं नाही!” मी बजावलं.

“आणि तुम्ही काय करणार?” सुनंदानं विचारलं.

“दिशा देणार.”

“मग कढई कोण उचलील?”

पहिली दिशा म्हणून कोपऱ्यातली खोली गोदाम केली. टेम्पोभर कच्ची केळी रचली आणि उद्घाटनाला धूप लावला. साधासुधा नव्हे! घरची, शेजारची आणि देवळातून मागून आणलेली, सगळ्या धूपदाण्या एकदम. भिंतीवरच्या फोटोतल्या गणपतीला ठसका लागायचा बाकी राहिला. मग रेसिपी बाहेर फुटू नये म्हणून खिडकीला पोती ठोकली. (रेसिपी : केळी, तेल, मीठ.) दाराला कुलूप, चावी खिशात, फोन बंद, आणि मी खंडव्याला ताईकडे! शिबिरात सांगितलंच होतं, लीडरनं दोन दिवस लांब राहून बघावं, धंदा आपोआप चालला पाहिजे.

चालला की! बंद खोलीत धूर कोंडला की केळी भराभर पिकतात. आमच्याकडे पूर्वीपासून अशीच पिकवत आले. हे इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. (पाळण्यात असताना मलाही असणार.)

कुलूप काढलं. सोनं भरल्यासारखी खोली पिवळीधम्मक! गजाननानं एक केळं सोलून तोंडात टाकलं.

“भैया, माल एक नंबर! लेकिन चिप्स भूल जाओ.”

“अरे, दोन दिवस घमघमाट सुटला असेल. कुलूप तोडायचं ना!”

“तोडफोड का खाता किसी को दिया ही नहीं तुमने.”

सुनंदानं पदर खोचला. “चुलीत गेली खाती! भाऊजी, शेजारच्या मळ्यातून हिरवे घड आणा. आबा, सोलायला बसा. लीडर, तुम्ही पण!”

दुपारभर सोलून माझे हात केळीच्या चिकानं असे काळे झाले की शेजारी विचारायला लागले, गॅरेज कधी टाकलं? पण सूर्य मावळायच्या आत चिप्सचा टेम्पो सिंधीपुऱ्याकडे निघाला. पिकलेली केळी मात्र आम्ही गावभर वाटत सुटलो. शेवटी शेवटी तर गाईसुद्धा आमचं दार दिसलं की गल्ली बदलायला लागल्या.

टेम्पो गेल्यावर ओट्यावर आबांना गाठलं.

“आबा, तुमचा जन्म गेला केळीत. मी धूर कोंडत होतो तेव्हा तुम्ही समोर उभे होतात. एका शब्दानं तरी बोलायचं!”

आबांनी शांतपणे आणखी एक केळं सोललं.

“मी पॅकिंगला हाये.”