शेवटच्या बाकावरचा राक्षस

दप्तराच्या तळाशी पेन्सिलीचा भुगा साठतो ना, तसे आमचे किस्से साठलेत. झटकायला गेलं की अजूनच पसरतात! सगळ्यांचं मूळ एकच, माझी दोनशे पानी वही. तिच्यात मी राक्षसांची शिकार करणाऱ्या तीन बहिणींची भयकादंबरी लिहितेय. जानेफळच्या आमच्या शाळेत, नववीच्या शेवटच्या बाकावर, मधल्या सुट्टीत तिचं वाचन होतं. वाचते पल्लवी, कारण स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचताना माझे कान लाल होतात. ऐकायला शीतल आणि आरती. एवढीच आमची चौकडी.

*

शीतलच्या घरी शेती, म्हणून कादंबरीतलं शेतीखातं तिच्याकडे. एका प्रकरणात मी तिघी बहिणींना भर चैत्रात तुरीत लपवलं. राक्षस दहा पावलांवर. पल्लवीचा आवाज बारीक झालेला. मी स्वतःच घाबरले होते!

"थांब वं," शीतल म्हणाली. "चैत्रात तूर कुठून आली? सोंगून घरात गेली ना ते!"

"राक्षस येऊन राह्यला, अन् तुले तुरीचं पडलं?" पल्लवी चिडली.

"मंग तो आंधळा आहे का? मोकळ्या वावरात तिघी बसल्या, त्याले दिसत नाही?"

मी चैत्र खोडला. राक्षस मार्गशीर्षात घेतला.

*

पल्लवीचे बाबा महादेवाच्या मंदिरात पूजा करतात. राक्षस मारायचा अस्सल मंत्र त्यांच्याकडून आणायचं तिने कबूल केलं. ती गेली तेव्हा ते बेल निवडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या राक्षसाचं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं? बाबा, तो माणसं गिळते!"

"मंग उपाशी असंन. आधी जेवला का, ते विचारा त्याले."

"बाबा, हॉरर स्टोरी आहे ते!"

"असू दे. भूक त्यालेही लागते."

पल्लवी दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मंत्र शेवटी मीच बनवला. त्यात तीन वेळा 'फट्' होतं.

*

एकदा विज्ञानाच्या तासाला मॅडमनी वही पकडली. मॅडम टेबलाशी उभ्या राहून एक पान वाचायला लागल्या, मग दुसरं, मग खुर्चीत बसल्या! तास संपला. आता घरी चिठ्ठी जाणार, असं वाटत असतानाच त्यांनी वही माझ्या बाकावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

आम्ही चौघींनी डोकी जुळवून पान उघडलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं, "राक्षस गावात असताना मुली दार उघडं टाकून कशा झोपतील? आधी कडी लाव."

*

मॅडमनी कडी लावायला सांगितली आणि त्या कडीनेच मला अडकवलं.

माझा राक्षस ज्याला गिळतो, त्याचा आवाज राक्षसाच्या पोटात राहतो. दार बंद दिसलं की तो त्या आवाजात हाक मारतो. शिकाऱ्यांचा नियम एकच, हाकेला उत्तर द्यायचं नाही. दिलं, तर तो आत येतो. नव्या प्रकरणात तो धाकट्या बहिणीला तिच्या मायच्या आवाजात हाक मारतो, असं मी लिहिलं. लिहिताना फार छान वाटलं होतं.

पल्लवी ते वाचायला लागली, आणि मला समोर आरती दिसली. आरतीची माय मागच्या दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून आरती हसते, अभ्यास करते, पण 'माय' हा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता.

पल्लवीही मध्येच थांबली. शीतल डब्याचं झाकण उगाच लावत बसली.

"मी हे पान फाडते," मी म्हणाले.

"फाडू नको," आरती म्हणाली. मग पानावर वाकून, "पण असं नसते. माय पहिले भांडं आपटते, मंग हाक मारते."

तिने हात पुढे केला.

"मले दे ना वही. सोमवारी आणतो."

तो शनिवार होता. दोन दिवस मी मनातल्या मनात ते पान शंभर वेळा फाडलं. आरती आता आमच्या बाकावर बसेल की नाही, एवढंच डोक्यात होतं.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत आरती आली, नेहमीच्या जागी बसली आणि वही पल्लवीकडे सरकवली. मी लिहिलेल्या हाकेच्या पुढे तिच्या गोल अक्षरात पान भरलेलं होतं. पल्लवी वाचायला लागली.

आधी बाहेर भांडं आपटल्याचा आवाज आला. मग हाक आली, "चिमणे, जेवली का वं?"

मोठ्या बहिणीने धाकटीचं तोंड दाबलं. धाकटीने तिचा हात बाजूला केला आणि ती म्हणाली, "नाही माय. तुह्यासाठी थांबली."

पुढे एकच ओळ होती. धाकटीने कडी काढली.

पल्लवीने वही मिटली. नियमांची पक्की शीतलच बोलली, "अवं, पण उत्तर देलं ना तिनं! आता राक्षस आत येईन!"

आरती डबा उघडत होती.

"येऊ दे," ती म्हणाली. "त्याचंही ताट वाढलं मी."