भरतीचं दूध

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमच्या सातारा भागात लष्करभरतीचं वेड वाढलं होतं. घरात म्हैस एकच, म्हणून दूध भरतीला जाणाऱ्या थोरल्या भावाला आणि धाकट्याला ताक. मी मुलगी, माझा प्रश्नच नव्हता.

मी सांगलीला कॉलेजात होते. सुट्टीला येताना तिथल्या वाचनालयातून एक थरारक कादंबरी आणली. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत धिप्पाड, निरोगी माणसं घडवतात आणि साध्या माणसांना कुंपणाबाहेर हाकलतात, अशी गोष्ट. मी ती भावांना वाचून दाखवायची. थोरला हसायचा. म्हणायचा, "असं कुठं असतंय व्हय?"

भरतीला गेला तो दुपारीच परत आला. उंची भरली, छाती भरली, पण उभं राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागत होता. तेवढ्यावरून त्याला रांगेतून बाहेर काढलं.

संध्याकाळी आईनं सवयीनं दुधाचा पेला त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो धाकट्याकडं सरकवला.

"तू पी. तुझं गुडघं सरळ हायती."

आई पेला परत फिरवील असं मला वाटलं. तिनं वाकून धाकट्याचे गुडघे नीट बघून घेतले.