मातीसकट तोललेली झाडं

"माणसांला प्यायला पानी न्हाई, आन् तू गांज्याला पाजतो व्हय रं?"

गावच्या सोसायटीचा चेअरमन सगळ्यांसमोर मला हे बोलला. दुष्काळाचं साल. सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची चारा छावणी चालवलेली. पोलिसांनी माझ्या घरामागची चार झाडं उपटली आणि तोलायला छावणीच्या काट्यावर आणली. मला मागून चालवत आणलं. टँकरच्या रांगेतले लोक बघत होते. काही हसले.

ती झाडं मी आयच्या अंघोळीच्या सांडपाण्यावर जगवली होती. ते सांगायला तोंड उघडलं, तर पोलीस म्हणाला, "गप."

आयच्या तोंडात कॅन्सर होता. गोळ्यांनी भागत नव्हतं. ठणका उठला की भिंतीवर डोकं घासायची. पाला वाटून दुधातून दिला की दोन घोट पेज पोटात जायची, तासभर डोळा लागायचा. एवढंच. हा पाला मला कुठून माहीत? चेअरमनच्याच मळ्यातून. महाशिवरात्रीला तिथं भांग व्हायची. पाला तोडायला मला बोलवायचे. वाटायला मात्र बौद्धवाड्यातला हात चालत नव्हता. बीसुद्धा मी तिथूनच आणलं.

काट्यावर झाडं मुळासकट ठेवली. मुळांना ओल्या मातीचे गड्डे. मी म्हणालो, "साहेब, माती तरी झटका."

चेअरमन म्हणाला, "चाऱ्याची माती कदी झटकली का आमी?"

खरंच होतं. आमच्या जनावरांचा ऊसही ते चिखलासकट तोलायचे.

मग कोरा कागद आला. पंच म्हणून उभ्या चेअरमननं बोट ठेवलं, "हितं सही कर." मी सही केली. सोसायटीत कर्जाच्या कागदांवर आमचा जन्म असाच गेला. त्यानं बोट ठेवायचं, आम्ही सही करायची. मी सातवी शिकलेला. मला वाचता येत होतं, 'आधी लिवा, मग सही करतो' असं म्हणता येत होतं. म्हणालो नाही. त्याची लाज अजून वाटते.

त्या कागदावर नंतर पंचनामा लिहिला गेला. कोर्टात मातीसकटचं वजन माझा गांजा ठरलं. त्या वजनाच्या हिशोबानं शिक्षा झाली. मी आत असताना आय गेली. शेवटी नुसती ओरडत होती, असं बहिणीनं भेटीला येऊन सांगितलं. मला रडूही आलं नाही. लई थकलो होतो.

वरच्या कोर्टात अपील केलं, जामीन झाला. सुनावणी जवळ आली तशी माझ्या वकीलबाईंनी एक कागद पुढं ठेवला. बाई भल्या. म्हणाल्या, "चूक कबूल करा, दया मागा. भोगली तेवढ्यावर कदाचित सुटाल." आणि सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

त्या बोटाकडं मी बघत राहिलो. मग कागद ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. तिसऱ्या ओळीत होतं, 'वजनाबद्दल तक्रार नाही.'

"ही ओळ काढा. दयेची पन काढा."

"मग परत आत जावं लागेल कदाचित."

"झाडं मी लावली. आयसाठी लावली. ते लिवा. माती कुनी तोलली ते लिवा. कोऱ्या कागदावर सही कुनी घेतली, तेबी लिवा."

बाईंनी नवा कागद केला. तो मी दोनदा वाचला, मग सही केली. आता तारखा पडतात, मी जातो. आत टाकलं तर माझ्या चार झाडांसाठी जाईन. त्यांच्या मातीचं वजन मात्र माझ्या नावावर राहू देणार नाही.