बिनआवाजाची गाडी

पहिला फटका भिकूच्या गालफडावर बसला. दुसऱ्याने तो खाली कोसळला. तिसऱ्या वेळी हिरामण ठाकूरच्या हातातल्या हेल्मेटची कड डाव्या डोळ्यावर आली, तेव्हा त्याच्या सोबतचे पाचही जण गाड्यांवरून उतरले. फेब्रुवारीतली गोष्ट. मारायचं कारण एवढंच होतं की म्हसळ्याहून हरिहरेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर भिकूची शहाळ्यांची टपरी आहे, आणि हातगाडी मागे घेताना तिचा कोपरा हिरामणच्या बुलेटला घासला. टाकीवर बोटभर ओरखडा आला होता.

"मारलास माझ्या माणसाला!" भिकूची बायको वेणूबाई ओरडली आणि तिने पदराने रक्त दाबून धरलं. हिरामणच्या मित्रांनीच भिकूला दवाखान्यात नेलं. दगडावर पडला, असं त्यांनी तिथे सांगितलं. भिकू घाबरून काही बोलला नाही. डोळा गेला.

हिरामण पेणजवळच्या खारेपाटातला. वडिलांची हयात मिठागरात गेली. हा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बंदरावर दोन ट्रेलरचा मालक झाला. गावच्या देवळाला त्याने स्वखर्चाने फरशी बसवून दिली, आणि त्याच महिन्यात एका ड्रायव्हरचे दोन दात पाडले. "मनाचा चांगला हाय, हात तेवढा लवकर उठतो," असं गाव म्हणायचं. हे ऐकलं की त्याची बायको रुचिका दुसरीकडे बघायची.

बुलेटवर त्याचा भारी जीव. अकरा वर्षांत लेह झालं, कन्याकुमारी झालं. तिचा आवाज छातीत घुमला की आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटे.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो एकटाच त्या रस्त्याने निघाला. वळणावरून टपरी दिसली. भिकू शहाळं तासत होता. बुलेटचा आवाज कानावर गेला तसा त्याने कोयता टाकला, गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि टपरीमागच्या कुंपणात रांगत शिरला. हिरामण थांबला नाही. आरशात त्याला वेणूबाई दिसली. ती दोन्ही हात पसरून कुंपणापुढे उभी होती.

घरी आल्यावर त्याने हसत हसतच सांगितलं, "मला बघून पळाला येडा."

"बघून न्हाय, आवाज ऐकून," रुचिका म्हणाली. "मी पण फाट्यावर बुलेट वाजली का पोरांना आतल्या खोलीत घेतंय. अकरा वर्षं झाली."

हिरामणचा हात वर गेला. ती जागची हलली नाही.

"मारा. मारलंत म्हणून मी बोलले ते खोटं होणार हाय?"

त्याने मूठ दारावर हाणली. फळी तडकली आणि बोटांची सालं निघाली. त्या दिवशी तो जेवला नाही.

गाडी बदलायचा विचार तिथून सुरू झाला. पनवेलला एका जपानी कंपनीचं दुकान होतं. जुनी गाडी घेऊन नवी देत. लांबच्या प्रवासाचीच गाडी, पण इंजिन चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. तो तीन वेळा जाऊन आला. तिसऱ्या खेपेला निकेतला सोबत नेलं. हा त्याच्या बुलेटवाल्या टोळीतला सगळ्यात जुना मित्र, फेब्रुवारीत टपरीवरही सोबत होता.

"शिवणयंत्र हाय रे हे!" निकेत म्हणाला. "घाटात ट्रकवाला बाजू देल का तुला?"

"नको देऊ दे."

"अरे, त्या शहाळेवाल्यासाठी बुलेट देतंस? जाऊन माफी माग, मोकळा हो."

"माफी मागायला तरी त्याच्यापर्यंत पोचायला पायजे ना. आवाज ऐकला का पळतो तो."

बुलेटची चावी देताना हिरामणने टाकीवरून हात फिरवला. दुकानातल्या माणसाने बुलेट मागच्या अंगणात नेऊन उभी केली. ती भिंतीआड जाईपर्यंत हा बघत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळीच तो टपरीपाशी पोचला. भिकूला चाहूलही लागली नाही. हिरामण उतरला, चालत गेला, आणि गेला तो नेमका डाव्या बाजूने, ज्या बाजूचं भिकूला आता काही दिसत नव्हतं. त्याने भिकूच्या खांद्यावर हात ठेवला. "भिकूभाऊ..."

भिकू वळला तो कोयत्यासकट. हिरामणने डावा हात आडवा घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शहाळ्यांच्या सालपटांत पडलं. दुसरा घाव खांद्यात गेला. भिकूच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. तिसऱ्यांदा कोयता उचलला तेव्हा हिरामणने उजव्या हाताने त्याचा गळा धरला आणि त्याला टपरीच्या फळीवर दाबलं. भिकू पाय झाडू लागला. दाबत राहायला फार सोपं होतं, असं हिरामणने नंतर रुचिकाला सांगितलं. भिकूचा चांगला डोळा बाहेर येऊ लागला, तेव्हा त्याने बोटं सोडली.

वेणूबाई मध्ये पडली. तिने भिकूच्या हातातून कोयता काढून घेतला.

"माफी मागायला आलो होतो," हिरामण धापा टाकत म्हणाला. "म्हणून तर गाडी बदलली."

"बदललीस?" वेणूबाई किंचाळली. "आधी आवाज तरी यायचा रं! पळायला येळ मिळायचा. आता आमाला कळायचं कसं?"

हिरामण खाली बसला.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. निकेतने कानात सांगितलं, "जीव घ्यायला आला म्हण, आत जाईल तो." हिरामणने हवालदाराला बसायला सांगितलं आणि फेब्रुवारीपासून सुरुवात केली. हेल्मेट, तीन फटके, डोळा आणि डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. मित्रांची नावंही सांगितली. निकेत उठून गेला, तो आजवर त्याच्याशी बोललेला नाही.

आता दोघांवरही गुन्हा आहे. तारखेला हिरामण एसटीने जातो. क्लचची मूठ नीट धरवत नाही, गाडी पडवीत उभी आहे. कोर्टाच्या बाकावर भिकू दुसऱ्या टोकाला बसतो, वेणूबाई मध्ये.

हिरामण सुधारला का, असं परवा नणंदेने रुचिकाला विचारलं. रुचिका तांदूळ निवडत होती.

"गेल्या महिन्यात ताट भिरकावलं," ती म्हणाली. "पण मंग भात त्याणीच गोळा केला."