कानबाईच्या पिठाची पुडी

श्रावण, १९२९. नंदुरबार स्टेशन, सकाळची सुरतेची गाडी. हजर: शेजारच्या वहिनी, त्यांची पाच वर्षांची ठकी आणि दवाखान्यात नर्स असलेली मी.

"दखू दे, आ कर," वहिनी म्हणाल्या. ठकीने चहा पिताच आ केला. घास, घोट, गोळी, काहीही पोटात गेलं की वहिनी तिच्या घशात डोकावत. पोरीला इतकी सवय झाली होती, की तिकीट तपासनीस आला तेव्हा तिने त्याच्यापुढेही आ केला.

वाचकहो, भीती उगाच नव्हती. वहिनींच्या नवऱ्याच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठत. धाकटी नणंद श्रावणातल्या कानबाई देवीचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, खाऊन, गळा सुजून गेली होती. गेल्या रविवारी रोट खाताच ठकीचे ओठ सुजले. "देवीचा कोप," सासूबाई म्हणाल्या. पौर्णिमेपर्यंत तो रोट घरातल्या सगळ्यांनी खाऊन संपवायचा असतो.

सुरतेला विलायतेहून शिकून आलेला एक डॉक्टर होता. हातावर ओरखडे काढून त्यावर एकेक पदार्थ लावायचा, जो बाधतो तिथे फुगतं. जे जे पोरीने खाल्लं ते आणा, असं त्याने कळवलं होतं. दुधाची बाटली घेतली आणि पुड्या मी स्वतः मोजून घेतल्या: तीळ, शेंगदाणे, रोटाचं पीठ.

सुरतेला डॉक्टरने ओरखडे काढले; ठकीने हात पुढे धरून ठेवला. एकही ओरखडा फुगला नाही. "खुशाल खाऊ द्या," डॉक्टर म्हणाला.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या. नवापूर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, त्या पुडीमां दुकाननं पीठ शे."

"आणि रोटाचं?"

"देवीनं पीठ भाऊबंद सोडीसन कोनाले देता येत नही. डॉक्टर तर परका."

"मग आता पोरीला रोट द्यायचा नाही," मी म्हटलं.

"सासू दखी ऱ्हायनी ना. ठकीना वाटाना मीच खासू."

आणि त्यांनी खाल्ला. दर श्रावणात, पदराआड, ठकीच्या ताटातला तुकडा उचलून. ठकी सासरी जाईपर्यंत.

वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली. परवा ठकी आली, कडेवर मुलगा. त्याने तिच्या सासरचा रोट खाल्ला आणि त्याचा वरचा ओठ सुजला. माझ्यासमोर तिने त्याला आ करायला लावलं.

सुरतेच्या डॉक्टरला मी लिहिलं आहे. गाडीची वेळ पाहिली आहे. ठकीच्या सासूकडे चिमूटभर खरं पीठ मागायला जायचं आहे. ते अजून झालेलं नाही.