घरच्या चिकूत साखर नसते!

डहाणूत आहारतज्ज्ञ म्हणून बसले, तेव्हा वाटलं केसपेपर साठतील. साठले किस्से! माझ्याकडची मंडळी बहुतेक साठीपुढची. कुणाचं पोट फुगलेलं, कुणाचे सांधे सुजलेले. सगळ्यांना गृहपाठ एकच: दिवसभर जे खाल ते वहीत लिहा.

* * *

गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीच्या निवृत्त गुरुजींच्या वहीत आठवडाभर तळलेलं काहीच नाही. मी खूश! तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "रोज फाफडा खातात."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "तो गुजरातच्या हद्दीत जाऊन खातो. महाराष्ट्रात बंदच आहे!"

* * *

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांना पोटासाठी रोज ग्लासभर ताक सांगितलं. त्यांनी इमानदारीत लिहिलं: 'ताक एक ग्लास, बटाटेवडे चार.'

"अहो, वडे कशाला?"

"मग नुसतं ताक कसं पिणार?"

* * *

रानशेतच्या आजींना मी पोटातल्या चांगल्या जंतूंवर अर्धा तास लेक्चर दिलं. मग सांगितलं, पाव-बिस्किटं सोडा. नागलीची भाकरी, कुळीथ, रानभाजी खा. त्या हसायलाच लागल्या.

"बाय, गरिबी होती तवा हेच खात होतो. आता पोरगा मास्तर झाला, नि तू परत तेच खायला सांगतेस?"

मला थोडी लाजच वाटली.

* * *

बोर्डीचे बापूकाका, वय चौऱ्याहत्तर, चिकूच्या वाडीचे मालक. गुडघा सुजून टम्म! ठाण्याच्या मुलानं बजावलेलं, "दिवाळीपर्यंत वाडीला एक फेरी मारता आली नाही, तर वाडी कंत्राटानं देणार आणि तुम्हाला फ्लॅटवर नेणार."

मी गोड बंद केलं. महिन्यानं बघते तर वजन वाढलेलं! वहीत साखरेचा कण नाही.

"काका, चिकू किती खाता?"

"बारा-पंधरा. पण मॅडम, ते घरचे आहेत!"

काकूंनी त्याच दिवशी चिकूच्या खोलीला कुलूप घातलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. जोडीला डाळ, भाज्या, ताक आणि दिवसाला मोजून एक चिकू. सूज हळूहळू उतरली.

* * *

दिवाळीत मुलगा आला. पुढचं काकूंनी मला फोनवर हसत हसत सांगितलं.

बापलेक वाडीत फेरीला निघाले. काका पुढे, मुलगा मागे. अर्ध्या वाटेत मुलगा गुडघा धरून झाडाखाली मटकन बसला.

काका थांबलेसुद्धा नाहीत. चालता चालताच म्हणाले, "बस तू इथंच. चिकूच्या करंड्या उचलायला टेम्पो येतो, त्यात टाकून नेतो तुला!"